पेरूच्या पेपरची भिशी

डॉ. यज्ञेश्वर निसळ यांच्या पेरूवरच्या पेपरचा उल्लेख साऱ्या जगात आजवर एकाच संशोधकाने केला होता, आणि ते संशोधक म्हणजे डॉ. यज्ञेश्वर निसळ. हा उल्लेख त्यांनी आपल्या दुसऱ्या पेपरात केला होता. दुसऱ्या पेपरचा उल्लेख कुणीच केलेला नव्हता, कारण सरांचा तिसरा पेपर अजून लिहून व्हायचा होता.

संशोधकांच्या दुनियेत या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. तुम्ही पेपर लिहायचा, छापून आणायचा आणि मग वाट बघत बसायचं, की कुठल्या तरी देशातला कुणीतरी आपल्या पेपरात ‘निसळ यांनी असे दाखवून दिले आहे’ असं एक वाक्य लिहील. त्याने लिहिलं की तुमच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. ही जमा इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसते. जमा नसली तर तेही दिसतं. रोज सकाळी चहाच्या आधी सर मोबाइलवर आपलं पान उघडत, तो एकुलता एक आकडा बघत आणि मोबाइल पालथा ठेवून देत.

पेपर वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. पेपर चांगला होता, हीच पंचाईत होती. सर राहात्याच्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवत आणि आसपासच्या बागांमधल्या पेरूच्या झाडांत जनुकांचा फरक किती, हे शोधत. आता पेरूच्या पानात टॅनिन फार. त्यातून डीएनए काढायला जावं, तर हाती चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ लागतो. या गाळापायी सरांची ऐन उमेदीची वर्षं गेली. शेवटी युक्ती सापडली ती अशी, की पानं तोडण्याआधी फांदी काळ्या कापडात गुंडाळून अंधारात ठेवायची. कापड म्हणून पत्नीचा, म्हणजे नीलांबरीताईंचा, जुना काळा परकर कामी आला. बाग होती शेजारच्या मुक्ताबाईंची. फांद्यांना काळ्या चिंध्या बांधलेल्या बघून तोडणीच्या बायकांनी कामच बंद केलं. मास्तर बागेवर करणी करतोय अशी आवई उठली. मुक्ताबाईंनी झाडाखाली उभं राहून “करनी न्हाई गं बायांनो, कालेजाचं काम हाय!” असं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे पाट्या पुन्हा हलल्या. विज्ञानासाठी थोर माणसांनी काय काय सोसलं आहे. सरांनी परकर सोसला.

तर असा हा पेपर. तो कुणीही वाचला नव्हता. ज्या मासिकात तो छापला त्याच्या संपादकांनीही वाचला नसावा, कारण पोच देताना त्यांनी ‘आपला पपईवरील लेख आवडला’ असं कळवलं होतं. नीलांबरीताई शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी पहिलं पान वाचून व्याकरण चांगलं असल्याचं सांगितलं आणि कुकरच्या शिट्टीला उठल्या त्या पुन्हा बसल्या नाहीत.

अशात संस्थेचं परिपत्रक आलं. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला बसायचं, तर नावावर किमान पंचवीस सायटेशन हवीत. परिपत्रक काढणारे संस्थेचे सचिव खरं तर वीटभट्टीवाले. सायटेशन म्हणजे काय, हे त्यांनी प्राचार्यांना विचारलं, प्राचार्यांनी निसळ सरांना विचारलं, आणि सरांनी ते इतकं छान समजावून दिलं, की त्याच बैठकीत नियम मंजूर झाला.

बढती कुणाला नको असते? सरांनाही हवी होती. पण या सगळ्या प्रकरणात सरांचं खरं काय अडकलं होतं, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. कुणीतरी आपला पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि वाचून एक, फक्त एक प्रश्न विचारावा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने अशी इच्छा कुणापाशी बोलून दाखवायची? ती बोलली की हसू होतं. म्हणून सर सगळ्यांना बढतीचंच सांगत.

बढतीचं म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा! मुक्ताबाई कुंपणावरून म्हणाल्या, “सर, जाहिरात करा की. आमचा हर्षल पेरूचं व्हिडिओ टाकतो, लाख लाख मानसं बघत्यात. तुमी नुसतं पेरू कापून दाखवा, सायटेशन का काय ते पाठीमागं येतंय.” समोरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, “माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. किती जणांनी वाचला, किती जणांनी वाचला नाही, का वाचला नाही, सगळं लेखी मागा.” सरांनी दोघांचेही आभार मानले. मॅनेजरांनी तर अर्जाचा मसुदासुद्धा करून आणला, तो नाकारताना सरांच्या फार जिवावर आलं.

खरी कल्पना निघाली ती नीलांबरीताईंच्या डोक्यातून. त्यांच्या घरी बायकांची भिशी असते. त्या महिन्याची भिशी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ज्योती मॅडमना लागली. बाकीच्या गेल्यावर मॅडम मागे राहिल्या आणि सरांपुढे त्यांनीही तेच रडगाणं सुरू केलं. हात धुण्याच्या साबणावर त्यांचा पेपर होता आणि नावावर शून्य. नीलांबरीताई उरलेले साबुदाणा वडे डब्यात भरत होत्या.

“मला एक कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आम्हा बायकांत एकीकडेही एकरकमी काही नसतं. तरी दर महिन्याला एकीच्या हाती येतं ना? मग तुम्ही एवढी शिकलेली माणसं, तसंच का करत नाही? एका महिन्यात सगळ्यांनी मिळून एकाचंच नाव घ्यायचं. पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं.”

सरांनी ही सूचना ताबडतोब फेटाळली. संशोधनाचं पावित्र्य, सत्याची चाड, जागतिक विज्ञानाची परंपरा, अशा क्रमाने ते बराच वेळ बोलले. ज्योती मॅडम वडा खात शांतपणे ऐकत होत्या. सर दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, “सर, मग चिठ्ठ्या कुठल्या तारखेला टाकायच्या?”

चिठ्ठ्या रविवारी टाकल्या. भिशीत चौघं जमले. सर आणि ज्योती मॅडम होत्याच. भौतिकशास्त्राचे सुनील काकडे आले. त्यांचं काम उन्हात टोमॅटो वाळवण्याच्या पेटीवर. चौथे गोरक्ष नवले, संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या कॉलेजातले. डोंगरातल्या भाताचे जुने वाण शोधत ते वर्षानुवर्षं वाड्यावस्त्या हिंडत होते. ते जीपने संगमनेर, तिथून एसटीने राहाता, असे तांदळाची पिशवी सांभाळत आले. नियम सोपा होता. ज्याची चिठ्ठी निघेल, त्याचं नाव बाकीच्यांनी त्या महिन्यात होतील तेवढ्या पेपरांत घ्यायचं. आठवड्याभरात पेपर छापून देणारी मासिकं हल्ली मुबलक आहेत. नीलांबरीताईंनी स्टीलच्या डब्यात हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी निसळ सरांची निघाली.

महिना संपायच्या आत सरांच्या पानावर आकडा हलला. सरांनी पहिलं सायटेशन उघडून वाचलं. ते सुनील काकड्यांचं होतं. ‘सूर्यप्रकाशाचे फायदे निसळ यांनी सविस्तर मांडले आहेत.’ ज्या माणसाने फांद्या अंधारात ठेवण्यासाठी बायकोचा परकर पणाला लावला, त्याच्या नावावर सूर्यप्रकाश! सरांनी तिथल्या तिथे फोन लावला.

“अहो काकडे, माझा पेपर अंधारावर आहे.”

“असं होय?” काकडे म्हणाले. “बरं झालं सांगितलंत. पुढच्या पेपरात दोन्ही बाजू टाकतो.”

ज्योती मॅडमनी लिहिलं होतं, की प्रयोगाआधी हात साबणाने धुवावेत, पाहा निसळ. गोरक्ष नवल्यांनी त्यातल्या त्यात बरं लिहिलं होतं: भातासारखाच पेरूही अभ्यास करण्याजोगा आहे, पाहा निसळ. तिघांनीही पहिलाच पेपर उल्लेखला होता, कारण सरांनी ग्रुपवर नमुन्यादाखल त्याचीच एक ओळ टाकली होती आणि प्रत्येकाने तीच उचलून चिकटवली होती. दुसऱ्या पेपरचं नाव लिहायचं म्हणजे पुन्हा टाइप करावं लागलं असतं. तो बिचारा शून्यावर राहिला.

पुढच्या महिन्यात काकड्यांची पाळी आली, आणि इथे सरांनी घोळ घातला. सरांनी काकड्यांचा पेपर वाचला. नाव घ्यायचं तर वाचायला नको का, असा त्यांचा साधा हिशेब. वाचता वाचता तक्त्यात तपमानाच्या दोन चुका निघाल्या. सरांनी त्या लाल शाईने टिपून, वर ‘पेटीचा कोन बदलून पाहिला का?’ असा प्रश्न लिहून कागद काकड्यांच्या हातात दिला. काकड्यांचं तोंड पडलं. “सर,” ते दुखावल्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला वाचायला कुणी सांगितलं होतं? भिशीत कुणी नोट उजेडाला धरून बघतं का?” ज्योती मॅडमनी यातून धडा घेतला आणि आपला साबणाचा पेपर सरांना पाठवलाच नाही, नुसतं नाव पाठवलं. सरांनी तो शोधून काढून वाचला. पुढे कित्येक दिवस मॅडम स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे पाठ करून बसत.

दरम्यान भिशीची वार्ता पसरली. चांगली भिशी लपत नाही. काकड्यांचे मेहुणे आले, मेहुण्यांचे मित्र आले, ग्रंथालयशास्त्राचे आले, क्रीडा विभागाचे आले. नव्या सभासदाला सवयीसाठी म्हणून आधी जुनीच ओळ चिकटवायला देत, आणि जुनी ओळ म्हणजे सरांचा पेरू. खो-खोपटूंच्या चपळाईवरच्या पेपरात ‘खेळाडूंच्या आहारात फळे असावीत, पाहा निसळ’ असं आलं. जात्यावरच्या ओव्यांवर लिहिणाऱ्या एका मॅडमनी एका ओवीत पेरूचं झाड आहे म्हणून निसळांना आणलं. सरांनी ग्रुपवर हात जोडून लिहिलं, की माझी पंचवीस कधीच झाली, आता पुरे. त्या निरोपाखाली अंगठे आले. आकडा चढतच राहिला. सर आता सकाळी मोबाइल उघडत ते चोरट्यासारखे, आणि पालथा ठेवत ते घाबरून.

प्राचार्य मात्र हरखले. त्यांनी गेटवर फ्लेक्स लावला. सरांचा फोटो, मागे पृथ्वीचा गोळा, आणि नीट पाहिलं की कळायचं, तो गोळा नसून पेरू आहे. खाली ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे जनुकशास्त्रज्ञ’. सचिवांच्या हस्ते सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पेरूचं एक क्रेट. भाषणात सचिव म्हणाले, “आपल्या निसळ सरांचं नाव आज जगात शंभरावर लोक घेतात. माझं नाव तालुक्यातही एवढे घेत नाहीत.” दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली.

बातमी वाचून बागाईतदार आले. सकाळी दार उघडावं तर पायरीवर तीन-चार जण, हातात किडके पेरू.

“सर, फळमाशीनं बाग खाल्ली. जगात नाव हाय म्हनं तुमचं.”

“मी जनुकीय विविधतेवर काम करतो,” सर म्हणत.

“व्हय, करा की. पर माशीचं काय?”

माशीचं काय, हे सरांना ठाऊक नव्हतं. ते कृषी सहायकाचा नंबर देत आणि माणसं तो नंबर घेऊन अशा नजरेने बघत निघून जात, की सरांना चहा कडू लागे. मुक्ताबाईंनी तर स्पष्टच विचारलं, “सर, एवढ्या लोकांनी वाचलं, मग कुनालाच माशीचं सुचलं न्हाई व्हय?” आपल्या पेपरात माशी नाही, आणि तो कुणी वाचलेलाही नाही, ही दोन वाक्यं सरांच्या ओठांवर आली होती. त्यांनी ती गिळली आणि आत येऊन आरामखुर्चीत नुसते बसून राहिले. नावावर एकच सायटेशन होतं तेव्हा ते दुःखी होते, पण ते दुःख निदान त्यांचं स्वतःचं, प्रामाणिक होतं. आता तेही राहिलं नव्हतं.

बातमी विद्यापीठातही कुणीतरी वाचली. त्याने सरांचं पान उघडलं. वर्षानुवर्षं जमिनीला चिकटून आलेली रेघ गेल्या काही महिन्यांत भिंतीसारखी उभी चढली होती. खो-खो, ओव्या आणि साबण हे तिघे एकाच पेरूपाशी का येतात, असा प्रश्न त्याला पडला. निसळ सरांना आणि त्यांचं नाव घेणाऱ्या प्रमुख मंडळींना खुलाशासाठी नगरला बोलावणं आलं. मुलाखत आठ दिवसांवर होती.

काकड्यांच्या गाडीतून चौघं निघाले. गोरक्ष सर आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. कोल्हार ओलांडल्यावर सरांनी पिशवीतून पेपरच्या प्रती काढल्या आणि एकेकाच्या हातात दिल्या. “निदान आता तरी वाचा,” ते म्हणाले. “त्यांनी विचारलं तर?” रस्ता असा होता, की ओळीवर नजर ठेवावी तर डोकं टपावर आपटे. ज्योती मॅडम म्हणाल्या, “गाडीत वाचलं की मला मळमळतं.” काकडे गाडी चालवत होते. गोरक्ष सरांनी मात्र प्रत डोळ्यांजवळ धरून पहिला परिच्छेद नेटाने पुरा केला आणि राहुरीच्या अलीकडे ते झोपी गेले.

खुलासा ऐकायला दोघं बसले होते. एक विद्यापीठाचे अधिकारी, थकलेले, भले गृहस्थ. हे लचांड जेवणाच्या सुट्टीआधी मिटावं एवढीच त्यांची अपेक्षा दिसत होती. दुसऱ्या डॉ. सुकन्या बर्वे, जन्मभर जनुकशास्त्रात काम करून पुण्यात निवृत्त झालेल्या. बाकीचे तिघं बाहेर बाकावर थांबले आणि सर एकटे आत गेले.

“बसा सर, घाबरू नका,” अधिकारी म्हणाले. “आम्ही सगळं बघितलंय. विषय वेगवेगळे आहेत, पण शेवटी ज्ञान एकच असतं, काय? मी असं लिहितो, की संबंधित प्राध्यापकांनी सदर पेपर वाचून आपापल्या परीने उल्लेख केला. तुम्ही खाली सही करा. मॅडम, तुम्हाला काही?”

“दोन गोष्टी विचारायच्या आहेत,” बर्वे मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी समोरचे कागद उघडले.

सरांनी पाहिलं. तो त्यांचाच पेपर होता. पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. दुसऱ्या पानावरही होतं. मॅडम पानं उलटत गेल्या आणि प्रत्येक पानावर कुठे रेघ, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे नुसती टिंबं. शेवटच्या पानापर्यंत.

“फांदी अंधारात किती दिवस ठेवली होती, निसळ? ते पेपरात नाही.”

“दोन, मॅडम. तिसऱ्या दिवशी पान पिवळं पडतं.”

“आणि कापड?”

“परकर,” सर म्हणाले.

“सुती?”

“सुती.”

मॅडमनी ते समासात लिहून घेतलं. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“आता हे चित्र. प्रत्येक झाडाच्या डीएनएच्या पट्ट्या इथे ओळीने आहेत. पाचव्या झाडाला खाली एक पुसट पट्टी दिसते. दुसऱ्या एकाही झाडाला ती नाही. तुम्ही तिच्याबद्दल चकार शब्द लिहिलेला नाही. का?”

“ती पट्टी!” सर खुर्चीवरून उठलेच. “मॅडम, तुम्हाला ती दिसली? मला वाटायचं मलाच दिसते! मला आधी डाग वाटला. मी पुन्हा केलं, पुन्हा आली. उन्हाळ्यात केलं, पावसाळ्यात केलं, दर वेळी आली. जागा पुरत नाही म्हणून या पेपरात घेता आली नाही. माझा दुसरा पेपर संपूर्ण त्या एका पट्टीवर आहे, मॅडम! ते झाड...”

“तो पेपर माझ्याकडे नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी हळहळ होती, निदान सरांना तरी ती ऐकू आली. “समितीकडे चौकशीला फक्त हा एकच दिलेला आहे.”

“म्हणजे झालं तर,” अधिकारी घाईने म्हणाले. “चर्चा उत्तम झाली. सर, एवढ्या सगळ्यांनी हा पेपर वाचूनच उल्लेख केलाय ना? नुसतं हो म्हणा, इथे सही करा, आणि मुलाखतीला शुभेच्छा.”

आता हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. पण सर त्या वेळी राहात्याचे सहयोगी प्राध्यापक उरले नव्हते. ते त्या पट्टीपाशी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे त्यांच्याशेजारी आणखी कुणीतरी उभं होतं.

“छे हो, कुणी वाचलाय!” ते मोठ्याने हसले. “एकानेही नाही. वाचला असता, तर इतक्या जणांतून एकाने तरी या पट्टीबद्दल विचारलं नसतं का? काकड्यांनी तर सूर्यप्रकाश लिहून ठेवलाय! मॅडम, खरं सांगतो, तुम्ही पहिल्या. आमची ती भिशी आहे, भिशी. चिठ्ठ्या टाकतो आम्ही.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले. सर मात्र डब्यातल्या पहिल्या चिठ्ठीपासून साबुदाणा वड्यांपर्यंत सगळं, काही न गाळता, आनंदाने सांगत राहिले.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. बाकावरचे तिघे एकदम उठले.

“सुटलो?” काकड्यांनी विचारलं.

“मॅडमनी पेपर वाचलाय!” सर म्हणाले. “सगळा! समासात पेन्सिलीने!”

“आणि?”

“पाचव्या झाडाची पट्टी त्यांना दिसली.”

“सर, पट्टी जाऊ द्या. भिशीचं काय?”

तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं, की आपण भिशीचं काय केलं. चेहऱ्यावरचं तेज ओसरायला मग वेळ लागला नाही. परतीच्या वाटेवर काकड्यांनी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही.

निकाल लगेच लागला. भिशीतून आलेली सगळी सायटेशन रद्द, पेरूचा पेपरही मासिकाने मागे घेतला, मुलाखत तर सोडाच. इतरांनाही लेखी ताकीद मिळाली. सरांचं पान उघडलं, की आता शून्य दिसे. झाडलोट करताना त्यांचं स्वतःचं ते एक सायटेशनही गेलं होतं. प्राचार्यांनी फ्लेक्स एका दुपारी उतरवला. स्टाफरूममध्ये काकडे आणि ज्योती मॅडम आता दोघेही पाठ करून बसत. सर मुलांना तास घेत, डबा खात आणि घरी येत. पुन्हा पेपर लिहिण्याचा विषय निघाला, की ते नुसते मान हलवत. नीलांबरीताईंना काळजी वाटू लागली.

अकोल्याहून गोरक्ष नवल्यांचा फोन आला, तेव्हा सरांनी शिव्यांची तयारी ठेवूनच तो उचलला.

“सर, तुमच्यापायी आमी बुडालो,” गोरक्ष सर म्हणाले. ताण आला की त्यांच्या बोलण्यात गाव उतरायचं. “मला पन ताकीद आली. लई राग आल्ता तुमचा. पर येक इचारतो, खरं सांगा. त्या बाईनं सगळा वाचला हुता?”

“सगळा,” सर म्हणाले. “शेवटच्या पानापर्यंत.”

“मंग बराबर हाय,” गोरक्ष सर म्हणाले. “माझा भाताचा कुनी तसा वाचला असता, तर मीबी समदं बोलून गेलो असतो.”

फोन ठेवल्यावर सर कितीतरी वेळ गॅलरीत उभे होते. मग ते आत आले. नीलांबरीताई जेवणाच्या टेबलावर मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या.

“एक निनावी तक्रार लिहायची आहे,” सर म्हणाले. “माझं अक्षर कॉलेजात सगळे ओळखतात. मी सांगतो, तू लिही.”

“कुणाविरुद्ध?”

“डॉ. यज्ञेश्वर निसळ यांच्याविरुद्ध.”

नीलांबरीताईंनी चष्मा काढला. वर बघितलं. नवरा थट्टा करतोय असं काही दिसेना.

“त्यांचा दुसरा पेपर,” सर म्हणाले. “पाचव्या झाडातल्या पट्टीवरचा. समितीने तो तपासलाच नाही.”

“अहो, पण त्यात तक्रार कसली करणार? त्याला तर कुणी एकदाही उल्लेखलेलं नाही.”

“तेच लिही. एकदाही नाही, ही बाब अत्यंत संशयास्पद आहे.”

नीलांबरीताईंनी कोरा कागद घेतला आणि त्या लिहायला लागल्या. सर येरझाऱ्या घालत सांगू लागले. सदर पेपरची पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कसून तपासणी व्हावी. चौथा तक्ता विशेष बारकाईने पाहावा. चित्रे मोठी करून पाहावीत. शंका आल्यास लेखकास समक्ष बोलावून सविस्तर प्रश्न विचारावेत. ही तपासणी डॉ. सुकन्या बर्वे यांच्याकडूनच व्हावी, अन्य कोणाकडूनही होऊ नये. हे वाक्य नीलांबरीताईंनी लिहिलं, त्यावरची शाई वाळू दिली आणि मग नवऱ्याकडे न बघताच विचारलं, “खाली सही काय करू? ‘एक जागरूक नागरिक’?”

सर थांबले.

“नको,” ते म्हणाले. “‘एक वाचक’ लिही.”